धारची घार होऊ नये म्हणून
(जुन्या अक्षरांच्या प्रतिमेवरून लेसर-कापणीचा आराखडा करण्याविषयी)

धार व देवास येथील मराठी घरांतून जुन्या अक्षरांचा साठा अजून बराच शिल्लक आहे. कोणाकडे थोरल्या पातीच्या, कोणाकडे धाकट्या पातीच्या दफ्तरातली मोडी पत्रे आहेत. कोणाकडे आजोबांनी रंगाऱ्याकडून काढवून घेतलेली दारावरची पाटी आहे. कोणाच्या देवघरात कागदावर रेखलेल्या वेलबुट्टीचा नमुना घडी करून ठेवलेला आहे. हे सर्व जीर्ण होत चालले आहे. दुसरीकडे इंदुरात काय, देवासच्या औद्योगिक वसाहतीत काय, लेसरने लाकूड व ॲक्रिलिक कापून देणारी दुकाने आता सहज सापडतात. तेव्हा जुन्या अक्षराची प्रत त्याच वळणात कापून घ्यावी, अशी इच्छा अनेकांस होते. आमच्या सभागृहावरील जुन्या पाटीचा रंग उडू लागला, तेव्हा महोत्सवापूर्वी तिची प्रतिकृती करण्याचा विचार निघाला, आणि त्या निमित्ताने या विषयात आम्हास थोडे खोल उतरावे लागले. जे हाती लागले ते होतकरू तरुणांच्या उपयोगी पडेल असे वाटून येथे मांडीत आहोत.

प्रथम मूळ अडचण समजून घेतली पाहिजे. स्कॅनर कागदाचे जे चित्र घेतो ते ठिपक्यांचे असते. लेसर यंत्राला ठिपके कापता येत नाहीत. त्याला रेघ लागते, म्हणजे कोठून निघावे, कसे वळावे व कोठे थांबावे याचा हुकूम लागतो. हा भेद डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर एक भिंग घ्यावे. वर्तमानपत्रातला फोटो त्याखाली धरला तर केवळ लहानमोठे ठिपके दिसतील. नंतर शंभराची नोट धरावी. (अशा नोटा छापणारा कारखाना देवासकरांच्या दाराशीच आहे, त्यामुळे उदाहरण घरचेच म्हणावयाचे.) गांधीजींच्या चेहऱ्यावरची छाया बारीक रेघांनी साधलेली आहे, हे तेव्हा ध्यानात येईल. पहिल्या प्रकारास संगणकाच्या भाषेत बिटमॅप म्हणतात, दुसऱ्याचा भाईबंद तो व्हेक्टर. व्हेक्टर फाईलीत चित्र साठवलेले नसते, चित्र काढण्याची कृती साठवलेली असते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत असे वळण घ्या. म्हणून ती बोटाएवढी करा की भिंतीएवढी करा, कड फाटत नाही.

ही वळणे गणिताने मांडण्याची रीत मोटारींच्या कारखान्यातून आली, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी पुढे साठच्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे बाक अचूक सांगता यावेत म्हणून ती बसविली. आज आपल्या संगणकावरील प्रत्येक ‘क’ची गोलाई त्याच बेझिए-वक्राने काढली जाते.

ठिपक्यांवरून रेघ काढणे म्हणजेच छाप उतरविणे, आणि हे काम धारच्या भूमीस नवे नाही. भोजशाळा–कमाल मौला वास्तूतील ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचा शिलालेख १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्या नजरेस आला. चार अंकांपैकी पहिले दोनच अंक त्या शिळेवर आहेत. त्याचा पाठ जर्मन पंडित हुल्ट्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात प्रसिद्ध केला. अशा लेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर बसवून ब्रशाने ठोकतात, म्हणजे तो कोरीव अक्षरांत शिरतो. वरून शाईची गादी फिरविली की पृष्ठभाग काळा आणि अक्षरे पांढरी उमटतात. ठसा वाईट घेतला तर दगडातला टवका मात्रा म्हणून वाचला जातो, आणि खरी मात्रा शाईत बुडते. याच जिल्ह्यातील बाघच्या लेण्यांची गोष्ट तशीच. तो मुलूख त्या काळी ग्वाल्हेर संस्थानात होता. तेथील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर या चित्रकारांनी भिंतीवरील चित्रांच्या नकला केल्या. चित्रे पुढे अंधुक होत गेली, आणि आज पुष्कळ ठिकाणी नक्कल हाच आधार उरला आहे. नक्कल करणाऱ्याने कोणती रेघ खरी मानली यावर पुढच्यांचे सारे ज्ञान अवलंबून राहते, ते असे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

कागद जुना असेल तर सपाट काचेचाच स्कॅनर वापरावा. कागद ओढून घेणाऱ्या यंत्राच्या वाटेस जाऊ नये. मोबाईलने काढलेल्या फोटोत कडा बाहेर फुगतात व सरळ शिरोरेघ धनुष्यासारखी वाकते. पाटी भिंतीवरून काढता येत नसेल तरच तो मार्ग पत्करावा आणि फोटो बराच दूर उभे राहून, बरोबर समोरून घ्यावा. कागद पातळ असून मागची शाई पुढे दिसत असेल तर पाठीमागे काळा कागद ठेवावा. मागचे लिखाण आश्चर्य वाटावे इतके दबते. स्कॅन इंचास ३०० ठिपक्यांहून कमी नसावा; अक्षर लहान असेल तर ६०० घ्यावा. तो रंगीत घ्यावा, काळा-पांढरा नव्हे. याचे कारण असे की जुन्या कागदावरचे डाग बहुधा पिवळट तांबूस असतात. रंगीत चित्राचा लाल भाग तेवढा वेगळा काढून पाहिला तर ते डाग फिके पडतात आणि काळी शाई तशीच राहते. फाईल टिफ किंवा पीएनजी स्वरूपात साठवावी. जेपेग स्वरूप जागा वाचविते खरे, पण अक्षराच्या कडेला धुरकट कण सोडते, आणि पुढे ते कणच रेघ होऊन बसतात.

यानंतर चित्र निव्वळ काळे व निव्वळ पांढरे करावयाचे असते. किती करडा रंग काळा मानावा याची एक मर्यादा ठरवावी लागते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. येथेच या लेखाच्या नावाचा उलगडा होईल. मर्यादा सैल ठेवली तर शाई फुगते आणि लहान फटी बुजतात. आता आपल्या नागरीत ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक तो किती? ध च्या डाव्या अंगाची शिरोरेघ तुटलेली असते, एवढाच. भ आणि म यांचेही तसेच. ती केसाएवढी फट बुजली की ‘धार’ची ‘घार’ होते आणि ‘भोज’चा ‘मोज’. यंत्रास याचे सोयरसुतक नाही. ते घारही तितक्याच निष्ठेने कापून देईल. उलट मर्यादा फार कडक केली तर बोरूची बारीक टोके गळतात, आणि वेलांटीचा माथा शेंडीपासून सुटतो.

दुसरा धोका सफाईचा. प्रतिमेवरून रेघ काढणाऱ्या प्रत्येक साधनात ‘बारीक ठिपके गाळा’ अशी सोय असते. धूळ जावी म्हणून ती केलेली असते, पण तिला धूळ आणि अनुस्वार यांतला भेद कळत नाही. हिशेब करून पाहा. इंचास ३०० ठिपक्यांच्या स्कॅनमध्ये एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ ठिपके. एक मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार क्षेत्रफळाने सुमारे ११० ठिपक्यांचा भरतो, आणि अर्ध्या मिलिमीटरचा अवघा २७ चा. गाळणी ३० वर लावली की बारीक लिखाणातले अनुस्वार एकजात नाहीसे होतात आणि ‘संस्था’ची ‘सस्था’ होऊन दारावर लागते. म्हणून गाळणी शक्य तितकी कमी ठेवावी आणि धूळ हाताने पुसावी. हे काम कंटाळवाणे आहे हे आम्ही कबूल करतो. पण कोणता ठिपका लिहिणाऱ्याचा आणि कोणता वाळवीचा, हे ठरविण्यास मजकूर वाचता येणारा माणूसच लागतो. मोडी पत्राच्या बाबतीत तर हे काम मोडी जाणणाऱ्या गृहस्थाच्या शेजारी बसूनच करावे. अक्षर न कळता केलेली सफाई कित्येकदा डागापेक्षा अधिक नुकसान करते. आमच्या मंडळींपैकी काही तरुण संगणकात तरबेज आहेत आणि काही वृद्ध मोडीत. दोघे एका मेजाशी बसले म्हणजे काम लवकर होते, आणि गप्पाही होतात.

रेघ काढण्यासाठी इंकस्केप हा कार्यक्रम पुरेसा आहे. तो फुकट मिळतो व २००३ पासून चालू आहे. त्यातील ‘ट्रेस बिटमॅप’ ही आज्ञा पीटर सेलिंगर यांच्या पोट्रेस या साधनावर चालते. ते काळ्या डागाची कड शोधते आणि तिच्यावर बेझिए-वक्र बसविते. ‘कड’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पेनाने ओढलेल्या एका रेघेस यंत्राच्या दृष्टीने दोन कडा असतात. वेलबुट्टीचा नाजूक नमुना असा ट्रेस करून कापावयास दिला तर लेसर रेघेच्या दोन्ही बाजूंनी जातो व मधली सुतासारखी पट्टी गळून पडते. जाड अक्षरास कडेचा ट्रेस योग्य. नाजूक रेघांच्या नक्षीस मध्यरेषेचा ट्रेस घ्यावा, किंवा सरळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवल्यासारखे हाताने नव्याने रेखावे. आमच्या मते लहान नमुन्यास हाच मार्ग बरा. स्वयंचलित ट्रेसने जेथे चारशे बिंदू टाकले असतील, तेथे समजून काढणाऱ्यास चाळीस पुरतात, आणि वळण अधिक सुबक येते. बिंदू फार झाले की लेसरचे डोके अडखळत चालते व कडेला जळके दाणे उठतात. ‘सिम्प्लिफाय’ ही आज्ञा बिंदू कमी करते, पण ती एकदाच द्यावी. वरचेवर दिली तर कोपरे गोल होऊन बोरूची ऐट निघून जाते.

आता खास आपल्या लिपीचा प्रश्न. इंग्रजी पाटी कापली तर प्रत्येक अक्षर सुटे पडते व एकेक चिकटवीत बसावे लागते. नागरीत शिरोरेघ असल्याने अख्खा शब्द एका तुकड्यात, खुंटीवर टांगल्यासारखा निघतो. मोडीत तर याहून मौज: लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई व मग तिच्याखाली अक्षरे लटकावी. अशी मोडीची संपूर्ण ओळच्या ओळ अखंड कापता येते. सुटतात ते केवळ अनुस्वार, विसर्ग व पूर्णविराम. अनुस्वारास शिरोरेघेशी जोडणारा दीड-दोन मिलिमीटरचा पूल ठेवावा. किंवा मागच्या फळीवर त्याच जागी फिकट वर्तुळ कोरून घ्यावे, म्हणजे ठिपका नेमका तेथे चिकटविता येतो. आम्हास दुसरी रीत अधिक आवडते, कारण पूल दिसला की नवख्यास ती मात्रा वाटते.

पण हीच शिरोरेघ साचा कापताना वैरीण होते. रंग मारण्यासाठी पत्र्यातून अक्षर आरपार काढावयाचे असेल तर प, म, स, ष यांच्या पोटातली जागा शिरोरेघेमुळे वरून बंद असते, व ती सारी बेटे गळून पडतात. जुने रंगारी साच्यात जागोजाग आडवे पूल का ठेवीत याचे कारण हेच. संगणक हे पूल आपोआप ठेवीत नाही. प्रत्येक बेटास निदान दोन पूल हाताने द्यावेत.

अक्षरे जुन्या कागदावरून न घेता संगणकाच्या टंकातून घेतली, तर आणखी एक खोच आहे. टंकातले प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेघ घेऊन येते आणि शेजारच्या रेघेवर किंचित चढते. पडद्यावर सर्व एकसंध दिसते. यंत्रास मात्र दोन आकृत्या एकमेकींवर पडलेल्या दिसतात, आणि ते दोन्हींच्या कडा कापते. परिणामी शब्द प्रत्येक सांध्याशी तुटतो. म्हणून मजकुराचे आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने आकृतीत रूपांतर करावे, गट सोडवावा आणि मग सर्वांस ‘युनियन’ द्यावे. याने दुसरेही संकट टळते. दुकानातल्या संगणकावर आपला टंक नसला तर ‘श्री’ व ‘ज्ञ’ यांसारखी जोडाक्षरे विस्कटतात. आकृती झालेले अक्षर विस्कटत नाही.

लेसरविषयी थोडे. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली पेटविला. पण लाकूड व ॲक्रिलिक कापणाऱ्या दुकानांत बहुधा जो असतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर १९६४ साली बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल १९३८ साली बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर. मराठी मुलखातल्या विद्यार्थ्यांस ही माहिती शाळेतच मिळावी असे आम्हास वाटते. या लेसरचा किरण १०.६ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणून डोळ्यांस न दिसणारा असतो. लाकूड, कागद, कातडे, ॲक्रिलिक तो चांगले शोषतात. पितळ व तांबे त्यास परतवितात, म्हणून पितळी पाटी हवी असल्यास फायबर लेसरवाले दुकान गाठावे. पीव्हीसीचा पत्रा मात्र कोणी कितीही स्वस्त दिला तरी लेसरखाली घालू नये; त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, तो माणसाच्या फुप्फुसास व यंत्रासही खातो.

किरणास स्वतःची जाडी असते. तो जेवढे साहित्य जाळून नेतो त्यास कर्फ म्हणतात. तीन मिलिमीटरच्या पत्र्यात तो साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असतो. मोजण्याची युक्ती सोपी आहे. वीस मिलिमीटरचे दहा चौकोन सुटे कापून एका रांगेत चिकटून लावावेत. २०० ऐवजी १९८ भरले तर कर्फ ०.२ धरावा. नुसत्या अक्षरांस याचे भय नाही; पण फळीच्या खाचेत अक्षर बसवावयाचे असेल, तर हा हिशेब केल्यावाचून ते सैल बसते. तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमध्ये अक्षराचा कोणताही भाग दोन मिलिमीटरहून बारीक ठेवू नये. मोडीची लांब, निमुळती शेपटी येथे हमखास मोडते. ती अक्षरात राखावयाची असेल तर पाटीच मोठी करावी, शेपटी जाड करू नये.

दुकानात फाईल देताना कापण्याच्या, नुसती रेघ उठविण्याच्या व खोल कोरण्याच्या आकृत्या वेगवेगळ्या रंगांत ठेवाव्यात. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे त्या दुकानदारास विचारूनच ठरवावे. बाघच्या कापडावर लोखंडाच्या गंजाचा काळा व आलचा किंवा अलिझरिनचा लाल रंग निरनिराळ्या ठशांनी उठविला जातो. एका ठशाचे काम दुसऱ्यावर लादीत नाहीत. तीच शिस्त येथे हवी. एकाच जागी दोन रेघा एकावर एक पडल्या नाहीत ना, हे पाहावे. पडद्यावर ते कळत नाही, पण यंत्र तेथून दोनदा जाते व कड कोळसा होते. आणखी एक: एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना फाईलीचे माप बदलते. इंकस्केपनेच २०१७ साली इंचास ९० ऐवजी ९६ एकके धरावयास सुरुवात केली, त्यामुळे जुन्या फाईली लहानमोठ्या होतात. यावर उपाय म्हणून कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवावी आणि दुकानदारास ती आधी मोजावयास सांगावे.

प्रथम साध्या पुठ्ठ्यावर एक प्रत कापून घ्यावी. ती भिंतीस लावून, ज्यांनी मूळ पाटी वर्षानुवर्षे पाहिली आहे अशा एखाद्या आजींना दुरून वाचावयास सांगावे. त्यांनी न अडखळता वाचली, आणि वळण ओळखीचे वाटते असे म्हटले, तर ॲक्रिलिक आणावयास हरकत नाही. मूळ रंगीत स्कॅन, सफाई केलेली प्रतिमा व अंतिम आराखडा या तिन्ही फाईली वेगवेगळ्या नावांनी जपून ठेवाव्यात आणि पहिलीस पुन्हा हात लावू नये. पुढे कोणी अधिक जाणकार निघाला आणि आपण पुसलेला एखादा ठिपका खरा अनुस्वार होता असे त्याने म्हटले, तर त्याला पाहावयास मूळ प्रतिमा मिळाली पाहिजे.